दाढच तर आहे ना!

आज मेडिकलमध्ये माझ्यापुढे एक माणूस उभा होता. उजवा गाल टम्म सुजलेला, तोंड धड उघडत नव्हतं. "दाढेवर काहीतरी द्या." काउंटरवरच्या पोराने कात्रीने चार अँटिबायोटिकच्या आणि चार दुखायच्या गोळ्या कापून दिल्या. चिठ्ठी विचारली नाही की ताप विचारला नाही. शेवटी मीच विचारलं, "दादा, गिळायला त्रास होतोय का?" तर दोघं माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

आमच्या आत्याचं असंच झालं होतं. खालची मागची दाढ, त्यात शुगर. मशेरी चोळायची, लवंग धरायची, फारच ठणकलं की गोळी. मग एके दिवशी ठणका आपोआप थांबला आणि घरात सगळे खूश! अहो, ठणका थांबला म्हणजे आतली नस मेली. जंतू मेले नाहीत. मुळाशी गळू तसंच आणि त्यातला पू वाट शोधत राहतो. गोळीने सूज चार दिवस ओसरते, पण मेलेल्या नसेपर्यंत रक्तच पोहोचत नाही, तर औषध कसं पोहोचणार? रूट कॅनाल करा नाहीतर दाढ काढा, पू बाहेर गेलाच पाहिजे.

आत्याचा पू गेला हनुवटीखाली. दोन्ही बाजू दगडासारख्या कडक. जीभ वर उचलली गेली, लाळ गिळवेना, आडवं पडलं की जीव घुसमटायचा. याला लुडविग्ज अंजायना म्हणतात. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने 1836 मध्ये लिहून ठेवलेला आजार, आणि आपण अजून "दाढच तर आहे" म्हणतोय! गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालावी लागली तिला. शुगर असली की इन्फेक्शन भराभर पसरतं आणि इन्फेक्शनने शुगर आणखी चढते. हे तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

रूट कॅनाल महाग आहे, मान्य. काही डॉक्टर उगाच करायला लावतात, तेही मान्य. पण आत्याच्या आयसीयूच्या बिलात घरातल्या सगळ्यांच्या दाढा झाल्या असत्या.

वाचली ती. आता बोलते, जेवते, टोमणेही मारते. पण तेव्हा दाढ दुखत असताना ती दोन वेळा सगळ्यांच्या भाकऱ्या थापत होती आणि स्वतः दुधात कालवून खात होती. ती दूधभाकरी घरात सगळ्यांना दिसत होती हो. दाढ काढली की नजर जाते, असंही तिला कुणीतरी भरवलं होतं. साफ खोटं आहे ते.

तर गालावर सूज आणि सोबत ताप, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काहीही असेल तर मेडिकल नाही, थेट मोठं हॉस्पिटल. रात्र असली तरी. नुसती दाढ ठणकत असेल आणि पैशाची अडचण असेल, तर मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत. गर्दी असते, सकाळी लवकर जा आणि शुगरचा रिपोर्ट सोबत न्या.