केविन टेक्सासवाला आणि आमची संकष्टी

परवापासून डोकं तापलंय ते उतरायलाच तयार नाही. नवऱ्यापुढे ओरडून झालं, बहिणीला तासभर फोन करून झाला, आता तुम्ही ऐका. ज्यांच्याकडे आईबाबा किंवा सासूसासरे सहा महिन्यांसाठी आलेत त्यांनी आधी खाली जाऊन लॅपटॉपवर काय चाललंय ते बघून या, मग पुढे वाचा.

मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये. कॅमेरा चालू, मीच बोलतेय, आणि दार न वाजवता बाबा आत. (सासरे. दार ते कधीच वाजवत नाहीत, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.) एका हातात डायरी, दुसऱ्या हातात स्पीकरवरचा फोन, आणि कुजबुज वगैरे काही नाही, एमएसईबीच्या अकाउंट्समध्ये ३४ वर्षं कमावलेल्या आवाजात, "अगं, ४०० डॉलरची गिफ्ट कार्डं आणायचीत. दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं? आणि पक्की पावती घे हो, फक्त कार्डं नकोत."

गिफ्ट कार्ड! फोनवरून कुणी ती आणायला सांगितली की समजायचं, पलीकडे चोर आहे. पोटात गोळा आला. सात जणांसमोर मी "नोऽऽ" म्हणून ओरडले, हेडफोन फेकला, जिना उतरून पळत गेले आणि सरळ राउटरची वायर उपटली. म्हणजे बाबांचा लॅपटॉप तुटला, माझी मीटिंग तुटली, मुलाचा गेम तुटला (तो वेगळाच बोंबलत आला) आणि सासूबाईंची मालिका ऐन मोक्याच्या ठिकाणी थांबली. घरात एकाच वेळी चार जण माझ्यावर चिडलेले आणि केविन (हे त्या चोराने सांगितलेलं नाव) मात्र फोनवर तसाच, "सर, आर यू देअर सर? डोन्ट शट डाउन द कॉम्प्युटर सर."

झालं होतं असं की परवा संकष्टी. बाबांचा उपास. इथे चंद्रोदय कितीला हे हवं होतं. भिंतीवर मुंबईहून आणलेलं कॅलेंडर लटकतंय पण त्यातली वेळ इथे न्यू जर्सीत, एडिसनला चालत नाही हे त्यांना बरोबर कळतं, म्हणून शोधायला बसले. मला विचारलं असतं तर दहा सेकंदांत सांगितलं असतं, पण "तू कामात होतीस." मग कुठल्यातरी पंचांगाच्या साइटवर मोठं हिरवं डाउनलोडचं बटण दिसलं, दाबलं, आणि अख्खी स्क्रीन निळी-लाल, भोंगा सुरू, एक बाई इंग्रजीत सांगतेय की तुमचे फोटो, पासवर्ड, बँक सगळं चोरलं जातंय, कॉम्प्युटर बंद केलात तर डेटा जाईल, ताबडतोब या नंबरला फोन करा. खाली मायक्रोसॉफ्टचा लोगो. बाबांनी लोगो बघितला आणि नंबर फिरवला. सरकारी माणूस, लेटरहेड असलं की खरं.

अहो, मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर नसतोच! कधीच नसतो! खरी एरर आली तर तुम्ही आणि तुमचं नशीब, कुणी फोन उचलायला बसलेलं नसतं. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं असतं तर विषय संपला असता. हे मी त्यांना मागच्या ट्रिपलाही सांगितलं होतं. त्याच्या आधीच्या ट्रिपलाही.

आता केविनची कारागिरी ऐका. आधी एनीडेस्क घालायला लावलं, म्हणजे लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून दाखवलं. जगातल्या कुठल्याही धडधाकट विंडोजवर ते उघडलं की लाल-पिवळ्या खुणांची रांग लागलेली असते, काहीतरी सुरू व्हायला दोन सेकंद उशीर झाला की लाल, घड्याळ जुळलं नाही की पिवळी. हा म्हणाला, सर, प्रत्येक लाल खूण म्हणजे एक हॅकर. बाबांनी काय करावं? डायरी काढली आणि अनुक्रमांक, तारीख, वेळ, इव्हेंट आयडी असे रकाने आखून एकेक उतरवायला घेतल्या. ४१ नोंदी आहेत, मी मोजल्या. केविन दोनदा म्हणाला सर लिहायची गरज नाही, तर हे म्हणाले, "नो नो, रेकॉर्ड इज नेसेसरी." त्या चोराचा जवळजवळ पाऊण तास माझ्या सासऱ्यांनी नुसता लिहिण्यात घालवला, तेवढं एक बरं वाटतंय मला.

मग तो कमांड टाइप करायचा काळा डबा उघडून नेटस्टॅट. त्यात एक रकाना असतो फॉरेन अॅड्रेस नावाचा, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर बाहेर ज्याच्याशी बोलतोय त्याचा पत्ता, बस. केविन म्हणाला, बघा, फॉरेनचे लोक आत शिरलेत. आणि बाबांनी मला हे जसंच्या तसं गंभीरपणे सांगितलं, "फॉरेनचे लोक होते गं आत." बाबा, फॉरेनचे आपणच आहोत इथे!

आणि कळस म्हणजे तो लायसन्स नंबर. ही ट्रिक मला माहीत होती तरी परत राग आला. असॉक असं टाइप करायला लावतात, लांबलचक यादी धडधड खाली जाते आणि शेवटी एक भलामोठा नंबर राहतो. तुम्ही तो बघत असताना हा फोनवर तोच नंबर वाचून दाखवतो. आठ आठ आठ डी सी ए साठ. बाबा भारावलेच. "त्याच्याकडे आपला नंबर होता गं! एक आकडा चुकला नाही!" नाहीच चुकणार, कारण प्रत्येक विंडोजवर तोच्या तोच नंबर असतो, माझ्या, तुमच्या, समोरच्या गॅस स्टेशनवाल्याच्या. हे म्हणजे ज्योतिषाने सांगावं की तुम्हाला दोन कान आहेत आणि आपण पाया पडावं.

मग बँक. हॅकर खात्यात शिरलेत का ते बघू म्हणून लॉगिन करायला लावलं आणि बाबांनी उघडली ती त्यांची पेन्शनची भारतातली बँक. दुसरी आहेच कुठे. आणि इथे आमचं नशीब बघा. ओटीपी भारताच्या सिमवर येतो, त्या सिमचं रोमिंग पॅक संपलंय, आणि गेले तीन महिने मी त्यावरून रोज शिव्या घालतेय, कंपनीला, नवऱ्याला (रिचार्ज करायचं त्याच्याकडे होतं), बँकेला की बाबांनो ईमेलवर पाठवा ना ओटीपी. तो ओटीपी काही आला नाही. चार वेळा पाठवला, आला नाही. नवऱ्याच्या आळशीपणाने पेन्शन वाचली. हे मी त्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

आणि स्क्रीनवर भारतातली बँक दिसल्यावर केविन म्हणे गप्पच झाला. म्यूट नीट दाबला गेला नसणार, कारण मागून आवाज आला, "अरे ये तो अपना ही निकला." हे बाबांनी स्वतः ऐकलंय. मी विचारलं, मग बाबा, तेव्हा ठेवला का नाही फोन? तर म्हणे, "मी त्याला हिंदीत विचारलं की बेटा तुम किधर का है, तो म्हणाला टेक्सास. मी म्हटलं टेक्सास में किधर, डॅलस को हमारा पुतण्या रहता है. तर म्हणाला हां सर, डॅलस के बाजू में, बहुत ठंडी है." ऑगस्टमध्ये! डॅलसला! पुतण्या तिकडे एसीचं बिल भरून खंक झालाय.

माणसाला पन्नास पावलांवर आलेलं वादळ दिसत नाही म्हणजे किती. पण ओटीपी येईना तेव्हा केविनने गाडी गिफ्ट कार्डवर वळवली आणि तिथे बाबा वर माझ्याकडे आले, कारण या घरात बाजारहाट माझ्याकडे. सूनबाई असण्याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला.

मग मी घेतला फोन. आधी इंग्रजीत सुरुवात केली, ते फारच सभ्य वाटायला लागलं, मग हिंदीत गेले, तिथे शब्द संपले, मग मात्र मायबोलीत आले आणि सासरे शेजारी उभे आहेत, सासूबाई साबुदाण्याच्या खिचडीचा चमचा हातात धरून बघतायत, कशाची पर्वा न करता जे काय तोंडाला आलं ते. दम लागला तेव्हा थांबले. पलीकडे एकदम शांत. आणि मग केविन, डॅलसच्या बाजूचा केविन, हळूच म्हणाला, "ताई, एवढ्या शिव्या नका ना देऊ." आणि कट.

ताई!!

त्या एका ताईने माझा जो जळफळाट झालाय ना. मेल्या, तू डेव्हिड हो, केविन हो, पण निदान शेवटपर्यंत केविन तरी राहा. कुठला असेल? आई असेल घरी डबा झाकून बसलेली. तिला सांगितलं असेल नाइट शिफ्ट आहे, इंटरनॅशनल प्रोसेस आहे. माझा सख्खा मामेभाऊ पुण्यात खरोखरच्या कॉल सेंटरला होता, खरंच लोकांचे प्रिंटर दुरुस्त करायचा, आणि दिवसाकाठी पाच-सहा जण त्याचा आवाज ऐकूनच "स्कॅमर" म्हणून फोन आपटायचे. मला इथे इन्शुरन्सवाल्याला स्वतःहून फोन केला तरी पलीकडची बाई माझे उच्चार ऐकून आधी संशयाने दोन प्रश्न जास्त विचारते. ही कमाई या केविनांची.

आणि हो, मी भाईंदरची. माहेर अजून तिथेच. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी शेजारी मीरा रोडला छापा घालून ७०० च्या वर पोरंपोरी ताब्यात घेतली होती, इथल्या इन्कम टॅक्सच्या, म्हणजे आयआरएसच्या नावाने अमेरिकेत फोन करायचे सगळे. आईने तेव्हा फोनवर मला हे असं सांगितलं जसं काही गावाला धरण मंजूर झालंय. "अगं आपल्या मीरा रोडचं नाव अमेरिकेच्या पेपरात आलंय ना?"

मी फक्त हो म्हटलं. जास्त बोलण्यासारखी परिस्थिती नव्हती कारण...

बरं, सांगूनच टाकते. त्याच वर्षी मे महिन्यात मलाही आला होता फोन. आयआरएसमधून बोलतोय, टॅक्स थकलाय, तासाभरात पोलीस येतील. मी कॉम्प्युटर इंजिनियर, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये तेव्हा अकरा वर्षं, चुका शोधायचाच पगार घेते, आणि मी गाडी काढून दुकानात गेले होते. हातात ५०० डॉलरची आयट्यून्सची गिफ्ट कार्डं. फोन चालूच ठेवायचा, कुणी विचारलं तर वाढदिवसाच्या भेटी आहेत सांगायचं, अशी पढवणूक. काउंटरवरची म्हातारी बाई माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाली, "हनी, फोनवर कुणी सांगतंय का तुला ही घ्यायला?" आणि मी म्हटलं, नाही, भाच्याचा वाढदिवस आहे. मला भाचा नाहीये. तिने कार्डं माझ्या हातातून काढून काउंटरखाली ठेवली आणि म्हणाली, आधी फोन ठेव, मग देते. ठेवला, आणि पार्किंगमध्ये जाऊन अर्धा तास रडले. नवरा अजून दर एप्रिलला टॅक्स भरताना विचारतो, कार्डं आणू का. बाबांना यातलं काही माहीत नाही. परवा मी त्यांना "एवढं कसं कळत नाही तुम्हाला" असं तीनदा म्हणाले आणि तेव्हा नवरा शेजारी उभा राहून छताकडे बघत होता.

तर असो. मग निस्तरणं. एनीडेस्क काढा, दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदला, एफटीसीच्या (फसवणुकीच्या तक्रारी घेणारं इथलं सरकारी खातं) साइटवर तक्रार भरा, लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज परत घाला, त्यात बाबांनी जमवलेल्या ६०० सुप्रभात इमेजेस गेल्या (यावर मला अश्रू आलेले नाहीत). बँकेला भारतात फोन लावला, पस्तीस मिनिटं बासरी ऐकली, आणि माणूस आल्यावर पहिला प्रश्न काय, "मॅडम, रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी पाठवलाय तो सांगाल का?" मी तेव्हा भिंतीवर डोकं आपटलं नाही ते फक्त भिंत भाड्याच्या घराची आहे म्हणून.

आणि सगळ्यावर कडी ऐका. रात्री जेवताना मी समजावतेय की बाबा, पुन्हा असं काही आलं तर मला विचारायचं, तर ते ताटाकडे बघत म्हणाले, "तुला विचारलं की तू माउस हातातून ओढून घेतेस आणि दोन मिनिटांत करून निघून जातेस. त्या मुलाने मला लेफ्ट क्लिक कुठलं, राइट क्लिक कुठलं, दोन तास न चिडता सांगितलं. मी लिहीपर्यंत थांबायचा."

काय बोलणार? सासूबाईंनी मला आणखी एक भाकरी वाढली.

मग काल सकाळी म्हटलं, चला, शिकवूया. चहा घेऊन बसले शेजारी. बाबा, ही विंडो बंद करायची असेल तर कुठे जाल? बाबा म्हणाले, थांब, लिहून घेतो. पट्टी काढली. रेघ मारली. तारीख घातली. 'विषय:' असं लिहिलं. मी घड्याळात बघितलं, चार मिनिटं झाली होती आणि माउस माझ्या हातात होता. कधी घेतला मला कळलं पण नाही.

ते आत गेल्यावर डायरी चाळली. ४१ नोंदी, त्याखाली नेटक्या अक्षरात: "केविन (टेक्सास). वागणूक चांगली. चोर." आणि त्याखाली पेन्सिलने, "चंद्रोदय बघायचा राहिला."

त्याचं पण काय झालं सांगते. साडेनऊ वाजता मीच त्यांना अंगणात घेऊन गेले. ढग होते. साडेदहापर्यंत उभे होतो दोघं, डास चावत होते, शेवटी ते म्हणाले वेळ झाली असेल तर न दिसता पण चालतं. वेळ किती म्हणून मी मोबाइलवर शोधायला गेले आणि पहिल्याच पानावर ते मोठं हिरवं बटण.