लेबर रूममधल्या सिस्टरला तिथेच राहू द्या

घरात कुणाला दिवस गेले की आपण डॉक्टर कोण, सोनोग्राफी कुठे, खर्च किती, सगळं विचारून घेतो. कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंतच्या दहा-बारा तासांत बाईजवळ कोण थांबणार, हे मात्र कुणीच विचारत नाही. माझी नोकरीची बहुतेक वर्षं नर्स म्हणून लेबर रूममध्ये गेली, म्हणून आज यावर सविस्तर लिहिते.

महाराष्ट्रानं या बाबतीत मोठी मजल मारली आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे जवळपास 95 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2018-20 मध्ये देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 97 माता दगावत होत्या, तेव्हा महाराष्ट्रात 33. आशाताईंनी घरोघरी फिरून, रात्री-अपरात्री गाडी बोलावून बायकांना दवाखान्यापर्यंत आणलं, त्याचं हे फळ आहे. पण दारात आणलेल्या बाईकडे आत लक्ष द्यायला पुरेशी माणसं आहेत का?

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव घ्या. चांगली धडधाकट बाई यात तास-दोन तासांत हातची जाते. बाळ बाहेर आलं की मिनिटभरात गर्भाशय आवळून धरणाऱ्या ऑक्सिटोसिनची 10 युनिटं मांडीत द्यायची. ते इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवलेलं असावं लागतं, उन्हाळ्यात ट्रेमध्ये पडून राहिलेलं नाही चालत. वार पडली की ती पूर्ण आहे का, हे उजेडात उलटसुलट करून बघायचं. मग पोटावर हात ठेवायचा. गर्भाशय बेंबीच्या आसपास टणक गोळ्यासारखं हाताला लागलं तर ठीक. मऊ लागलं तर तिथल्या तिथे चोळायला सुरुवात करायची, आणि हाका मारून माणसं गोळा करायची. पहिले दोन तास हा हात पुन्हा पुन्हा पोटावर जावा लागतो. ज्या सिस्टरकडे एकाच वेळी तीन अडलेल्या बायका, वॉर्डातली इंजेक्शनं आणि भरायची रजिस्टरं आहेत, तिनं तो हात कुठून आणायचा?

शिवाय रक्त किती गेलं याचा नुसत्या नजरेनं अंदाज केला की तो हमखास कमी येतो. अर्धं चादरीत मुरतं, अर्धं कापसात. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या 80 रुग्णालयांत बाळंतिणीच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली, आणि रक्त ठरावीक रेषेवर गेलं की चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी सगळं एकदमच सुरू केलं. 2023 मध्ये निकाल आला: गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी. औषधं जुनीच होती. फरक पडला तो वेळेत बघण्यानं आणि न थांबता हात चालवण्यानं.

बाळाचंही तेच. जन्मल्यावर रडलं नाही तर पुसून, ऊब देऊन, लागलंच तर बॅग-मास्कनं पहिल्याच मिनिटात श्वास द्यावा लागतो. डॉक्टरांना फोन लावून ते येईपर्यंतचा वेळ त्या बाळाकडे नसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली, आणि नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी खाली आले. 1999 मध्येच ते जगापुढे आलं. नीट शिकवलं आणि विश्वास टाकला की बायका काय करू शकतात, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे.

मग अडतं कुठे? लेबर रूममध्ये हात बसलेली सिस्टर दोन-चार महिन्यांत मेल वॉर्डात किंवा ओपीडीत जाते आणि तिच्या जागी नवी येते. बाळाचे ठोके उतरताहेत हे उशाशी असलेल्या सिस्टरला आधी कळतं, पण ठरवायचा अधिकार तिला नसतो. केंद्र सरकारनं 2018 मध्ये मिडवाइफरीची, म्हणजे शिकलेल्या सुईणीच्या कामाची, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नर्सना 18 महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण आणि साधी बाळंतपणं स्वतः सांभाळण्याचा अधिकार आहे. तेलंगणानं त्याच्या आधीच, 2017 मध्ये, सुरुवात केली होती. आपल्याकडे हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दिसायला हवं.

डॉक्टर असताना सुईण कशाला, असं विचारणारे भेटतात. डॉक्टर लागतातच, झटके आले, मूल आडवं असलं, सिझरची वेळ आली तर त्यांच्याशिवाय कोण? पण ती वेळ आली आहे हे ओळखायला उशाशी कुणीतरी बसलेलं लागतं. आणि धीर द्यायला कुणी नसलं की काय होतं, तेही मी पाहिलं आहे: बाईवर ओरडणं, पोटावर जोर देऊन दाबणं, घाईनं कापणं. ते बघून माझं रक्त आजही उसळतं.

तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर पुढच्या तपासणीला एवढं विचारून या: रात्री लेबर रूममध्ये कोण असतं, एका वेळी किती बायका बघतं, आणि आईला किंवा बहिणीला सोबत थांबू देतात का? गावात सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीवर तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर लेबर रूमच्या सिस्टरची बदली इतर वॉर्डात करू नये, असा ठराव पुढच्याच बैठकीत मांडायला सांगा.