गुहागरात गौडा

आषाढ-श्रावणात आमच्या गुहागर तालुक्यात चपलेला बुरशी येते, लग्नातल्या कोटाला येते, देवळातल्या तबल्याच्या वादीलाही येते. आमच्या काकांच्या मते माणूस ओटीवर फार वेळ बसून राहिला तर त्यालाही येते, आणि हे सांगताना ते न चुकता माझ्याकडे बघतात. अशा ठिकाणी बसून मी गौडा चीजच्या कृतीतलं एक वाक्य वाचत होतो: 'पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत चीज दोन-तीन दिवस हवेशीर जागी ठेवावे.' जुलै महिना, गुहागर आणि कोरडा! गौडा मूळचा हॉलंडचा. पाऊस तिथेही पडतो म्हणे, पण तो बहुधा आधी सांगून पडत असावा.

चीजच्या वाटेला जायचं कारण गोठ्यात आहे. आमच्याकडे दोन कोकण कपिला, एक जर्सी संकरित आणि एक म्हैस. कपिला ही इथल्याच मातीची गाय. अंगाने आटोपशीर, कुठलीही घाटी चढून जाईल, उन्हापावसाचं तिला काही वाटत नाही. आणि दूध दिवसाला दोन-अडीच लिटर, तेही मर्जी असली तर. दुधाचा खरा भार जर्सीवर आणि म्हशीवर. मे महिन्यात पर्यटक येतात तेव्हा चहाला दूध पुरत नाही. पाऊस लागला की रान हिरवं होतं, जनावरं पोटभर चरतात, दूध वाढतं आणि ते पिणारे मुंबई-पुण्याला परत गेलेले असतात. रतीब घालून उरलेल्या दुधाचं दही झालं, तूप झालं, खवा झाला, अण्णांचं कोलेस्टेरॉलही झालं. मग पनीर केलं. लिंबं संपली म्हणून आत्याने एकदा कोकमाचं आगळ ओतलंन्, तेव्हा ते गुलाबी झालं आणि चवीला सोलकढीच्या नात्यातलं निघालं. त्यानंतर चीजशिवाय दुसरी वाटच उरली नाही.

या बाबतीत माझा पोर्तुगीजांवर राग आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईत होते. किनाऱ्याला पाव दिला, काजू दिला, अननस दिला. चीजची वेळ आली तेव्हा मात्र ते तिकडे बंगालात, हुगळीकाठच्या बांडेलला दिलं म्हणतात. वरच्या अंगाला पारशी मंडळी छोट्या टोपल्यांत मऊ लुसलुशीत टोपली पनीर लावतात, पण ते त्यांच्या लग्नाच्या पंगतीतून खाली गुहागरपर्यंत काही आलं नाही. थोडक्यात, विचारायला घरात-गावात कोणी नाही.

पहिली अडचण रेनेटची. दूध विरजणाने नुसतं आंबतं. त्याचा कापता येईल असा गोळा व्हायला रेनेट लागतं. ते पूर्वी वासराच्या चौथ्या पोटातून काढत, एवढं मी आईला सांगितलं. पुढचं 'आता तसं नसतं' ऐकायला ती थांबली नाही. नंतर बरेच दिवस मी गोठ्यात शिरलो की ती पाडीच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहायची. आता रेनेट एका बुरशीपासून काढतात, हे तिला शेवटी पटलं, पण त्यातून नवीनच प्रश्न निघाला: "मग विकत कशाला आणलंस? तुझ्या कपाटात आहे की."

ते रेनेट कुरिअरने आलं. बाटलीवर 'थंड जागी ठेवा' असं लिहिलं होतं. कुरिअरवाल्याने ती एसटी स्टँडवरच्या टपरीत, चहाच्या स्टोव्हशेजारी ठेवून मला निरोप धाडला. रेनेटला उष्णता सोसत नाही. त्या बाटलीने दुधावर काडीचाही परिणाम केला नाही. मग पावडर मागवली.

दुसरी अडचण आई. कच्च्या दुधातून रोग येऊ शकतात, म्हणून ते ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवायचं आणि मग ३२ अंशांपर्यंत निववायचं. उकळायचं मात्र नाही. उकळलेलं दूध रेनेटने नीट घट्ट होत नाही, लिबलिबीत राहतं. आता, दूध उकळी न फुटता चुलीवरून उतरतंय हे दृश्य आमच्या घरात पूर्वी कोणी पाहिलेलं नाही. मी थर्मामीटर धरून उभा, आणि आई मागून येऊन गॅस मोठा करून जाते. मी बारीक करतो. आत्या येते, "अरे, गॅस विझत आला बघ" म्हणते आणि पुन्हा मोठा करते. ती ३० मिनिटं मी पातेल्याची राखण करतो ती घरच्यांपासून.

३२ अंशांवर विरजण, मग रेनेट, आणि त्यानंतर पाऊण तास पातेल्याला हात लावायचा नाही. या पाऊण तासात आमच्या घरातल्या प्रत्येकाला नेमकी त्याच ओट्यावरची वस्तू हवी असते. पण तेवढं पार पडलं की जे दिसतं ते खरंच बघण्यासारखं असतं. सुरी तिरकी खुपसून हलकेच वर उचलायची. दुधाचा तो पांढरा थर क्षणभर फुगतो आणि मग सरळ रेघेत चिरतो. चिरेच्या कडा धारदार, आणि तळाशी हिरवट, नितळ निवळी जमायला लागते. मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. गडी वाकून बराच वेळ बघत राहिला. "नासलं," म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, "मुद्दाम नासवलंनीत?"

मग त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, थोडी निवळी काढून तेवढंच गरम पाणी, ३८ अंशांपर्यंत हलक्या हाताने ढवळणं. शेवटी भोकं पाडलेल्या डब्यात अण्णांचा कोरा पंचा घालून त्यात सगळं भरलं, वर पाटा, पाट्यावर वरवंटा. संध्याकाळी लाईट गेली, मिक्सर बंद, चटणी वाटायला पाटा गेला. पुढचं वजन म्हणून म्हशीच्या पेंडीचं पोतं ठेवलं.

दहा लिटर दुधातून चीज निघतं साधारण किलोभर. उरलेली सगळी निवळी. ही गोष्ट कृतीत एका ओळीत असते, घरात ती टोपटोपभर असते. आईला टाकवत नाही. त्या आठवड्यात निवळीत भिजवलेल्या पोळ्या झाल्या, निवळीची कढी झाली, निवळीत शिजलेला भात झाला. आंबोळीचं पीठही निवळीत. अण्णांनी चहा कोरा घ्यायला सुरुवात केली, दुधाची खात्री नाही म्हणून. शेवटी म्हशीच्या आंबोणात मिसळून दिली. तिने मात्र एक अक्षर न बोलता संपवली.

चीज मिठाच्या पाण्यात रात्रभर डुंबलं आणि त्या कोरडं करण्याच्या वाक्यापाशी गाडी येऊन अडली. ओटीवर ठेवलं तर घाम सुटल्यासारखं पाझरायचं. माजघरात पंख्याखाली ठेवलं तर पंखाच बंद, कारण वर सांगितलेलं. जाळीच्या कपाटात मुंग्या. अखेर आई म्हणाली, "कपडे वाळतात तिथे टाक." मागच्या पडवीत न्हाणीच्या पाण्याची चूल आहे. पावसाळाभर नारळाची सोडणं आणि झावळ्या पेटत असतात, वर दोरीवर घरादाराचे कपडे. तिथे, चुलीपासून हातभर लांब, शिंक्यात माझा गौडा लटकला. एका बाजूला अण्णांचे लेंगे, दुसऱ्या बाजूला शाळेचे मोजे. वाळला मात्र खडखडीत.

त्यापुढे मेणाचं कवच चढवून जुन्या फ्रीजमध्ये. फ्रीजला वेगळा थर्मोस्टॅट लावून १२ अंशांवर ठेवला, म्हणजे लाईट असेल तेव्हा. मेणाच्या फटीत हिरवे ठिपके दिसले की मिठाच्या पाण्याने पुसायचे आणि कोणाला सांगायचं नाही.

गणपतीला चाकरमानी आले तेव्हा कापला. आत पिवळसर, मधूनच बारीक गोल भोकं. अण्णांनी तुकडा चघळत हिशेब केला: दूध दहा लिटर, गॅस, मेण, कोरा पंचा. तोंड आणखी लांब झालं. एवढ्यात मुंबईचा चुलतभाऊ ओरडला, "अरे, हा तर स्मोक्ड! आमच्याकडे दोन हजार रुपये किलो!"

अण्णांनी चघळणं थांबवलं. दुसरा तुकडा घेतला. आरतीच्या आधीच त्यांनी दिवाळीसाठी पाच किलोची ऑर्डर घेऊन टाकली होती. दिवाळीपर्यंत जर्सी आटलेली असते आणि म्हशीचं दूध रतिबाला बांधलेलं, म्हणजे पन्नास लिटर दूध दोन कपिलांकडून यायचं आहे, हे मी त्यांच्या कानावर घातलं. "सांगून बघू त्यांना," म्हणाले आणि कंदील घेऊन गोठ्याकडे गेले.

मी वहीत खर्च मांडत बसलो होतो. आई निर्माल्य घेऊन जाताना डोकावली.

"धुराचे वेगळे लाव," म्हणाली. "सोडणं माझी आहेत."