जरा एवढा हत्ती नेतोस का?

अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला पुण्याचं तिकीट लपवून काढावं लागतं. एकदा का बातमी फुटली की फोन सुरू होतात, आधी तब्येतीची चौकशी, मग तिकडे थंडी किती, मग एक छोटासा पॉज, आणि मग "अरे जरा एवढं नेतोस का, काही वजन नाही त्याचं". 'काही वजन नाही' हे माझ्या अनुभवाने साधारण सव्वातीन किलोचं माप आहे. बीपीची मशिनं, गुडघ्याच्या गोळ्यांचे बरण्याएवढे डबे, कुणाच्या तरी जावयाचे बारा नंबरचे बूट हे सगळं मी नेलंय, आणि येताना भाजणी, मेतकूट आणि एकदा तर नुसता वरवंटा (पाटा दुसऱ्या कुणीतरी आधीच नेला होता म्हणे) आणलाय. त्या वरवंट्यापायी सिक्युरिटीवाल्याने मला बाजूला घेऊन जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं मला मराठीतही नीट देता आली नसती.

पण निदान ही सगळी ओळखीची माणसं तरी होती. ज्याचं नाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही अशा माणसाचं पार्सल मी बिनबोभाट उचलेन असं कुणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो.

झालं काय, की आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांना जिओकॅशिंगचा नाद लागला. आम्ही राहतो सिअ‍ॅटलच्या शेजारी आणि हा सगळा कारभार जी कंपनी चालवते तिचं ऑफिसच सिअ‍ॅटलला, त्यामुळे इथे दर झाडामागे एक डबा असावा असं वाटतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुणीतरी रानात नाहीतर पार्कात एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, आणि बाकीचे लोक फोन हातात घेऊन तो शोधत फिरतात, सापडला की आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. बस. बक्षीस काही नाही. बायको म्हणाली, यापेक्षा घरात तुझा चष्मा शोध, तेवढाच व्यायाम.

हे सुरू झालं 2000 साली. तोवर अमेरिकन सरकार साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालून द्यायचं, ती 2 मे 2000 ला काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी पोर्टलंडजवळ डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने एक बादली जमिनीत अर्धी पुरून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत काय, तर पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि बीन्सचा एक डबा. तो बीन्सचा डबा पुढे सापडला आणि त्यालाही आता ट्रॅकिंग नंबर आहे. म्हणजे शिळ्या उसळीचीसुद्धा यात्रा निघते, एकेकाचं नशीब!

तर ऑक्टोबरात एका रविवारी, रिपरिप पावसात, ब्लॅकबेरीच्या काट्यांत माझं नवं जॅकेट फाडून घेऊन आम्ही एका कुजक्या खोडाखालून घट्ट झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा काढला, आपण कोशिंबीर नेतो ना तसला. आत वही, दोन गोट्या, एक की-चेन, आणि लोकरीने विणलेला निळा हत्ती. मुठीत मावेल एवढा. गळ्यात साखळी आणि साखळीला सैनिकांच्या गळ्यात असतो तसा धातूचा बिल्ला, त्यावर किड्याचं चित्र आणि सहा अक्षरी कोड.

"बाबा, ट्रॅव्हल बग!" चिरंजीव किंचाळले.

डब्यातल्या बाकीच्या वस्तूंचा नियम सोपा आहे, काही घेतलं तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं काहीतरी ठेवा, म्हणजे शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही हा जो आमच्या आईचा कायदा आहे तोच. पण ट्रॅव्हल बगच्या बदल्यात काही ठेवावं लागत नाही कारण तो तुमचा होतच नाही. तुम्ही फक्त हमाल. त्याला पुढच्या डब्यात नेऊन ठेवायचं, आणि कोड टाकून वेबसाइटवर लिहायचं की इथून उचलला, तिथे ठेवला, मग मालक घरबसल्या नकाशावर बघत बसतो. पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवून घेतला तर मालकाला दोन ओळी कळवाव्यात असा शिरस्ता.

घरी येऊन कोड टाकला. हत्ती निघालेला 2012 साली, फिनलंडहून. एका सात वर्षांच्या मुलाने सोडलेला. जर्मनी, पोर्तुगाल, मग कुणाच्या तरी खिशातून अटलांटिक ओलांडून कॅनडा, तिथून खाली आमच्याकडे. आणि खाली त्याचं ध्येय लिहिलेलं: 'मला इंडियाला जाऊन खरा हत्ती बघायचाय.'

चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं. डिसेंबरची तिकिटं फ्रिजवर मॅग्नेटने लावलेली होती.

बारा वर्षं! बारा वर्षं तो हत्ती अर्ध्या जगात "जरा एवढं नेता का" म्हणत फिरत होता आणि शेवटी सापडलो कोण तर मी. आणि या वेळी खरंच काही वजन नव्हतं, त्यामुळे नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

परक्याची वस्तू घरात असली की झोप लागत नाही हो. बारा नंबरचे बूट हरवले असते तर जावई फार तर रागावला असता, इथे सगळं जग नकाशावर बघतंय. प्रवासात मी हत्ती हँडबॅगेत ठेवला, पासपोर्टच्या कप्प्यात, आणि दर दोन तासांनी चाचपत होतो. शेजारच्या सीटवरच्या बाईंना वाटलं असणार की माझी अँजिओप्लास्टी झालीय.

पुण्यात उतरल्यावर पहिली चूक मी स्वतः केली. हत्तीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, 'आमच्यासोबत आलेला पाहुणा' वगैरे लिहून, सगळी गोष्ट आणि लिंक देऊन. फोटोत बिल्ल्यावरचा कोड स्वच्छ दिसत होता. आता या खेळात कोड उघड दाखवायचा नसतो, कारण ज्याच्याकडे कोड तो 'मी हा पाहिला' अशी नोंद करू शकतो, आणि आमच्या ग्रुपवर एकेचाळीस माणसं आहेत, त्यातली निम्मी रिटायर्ड. संध्याकाळपर्यंत नाशिकच्या आत्याने अकाउंट काढून लिहिलं, 'खूप गोड हत्ती. जय गजानन.' चिपळूणच्या काकांनी 'शुभ सकाळ' टाकून खाली गुलाब. एका भावाने 'पाहिला, पण फ्लॅटचं बोलणं कुठवर आलं?' असं मला उद्देशून तिथेच विचारलं. एका दिवसात अकरा जणांनी तो हत्ती 'पाहिला', त्यातले दहा जण त्याच्यापासून दीडदोनशे किलोमीटर लांब होते.

फिनलंडहून इंग्रजीत मेसेज आला. मुलाच्या आईचा. अतिशय सभ्य. 'हत्ती इंडियात पोचलेला बघून आनंद झाला. तो एकाच वेळी नाशिकला आणि चिपळूणला कसा, एवढंच समजलं नाही.' मी लिहिलं की आमच्याकडे जॉइंट फॅमिली असते.

मग त्याला हत्ती दाखवायची मोहीम. कात्रजचं प्राणिसंग्रहालय, सोपं काम. पूर्ण फॅमिली, रिक्षा, ऊन, आणि गेटवर पोचल्यावर आठवलं की आज बुधवार. बुधवारी ते बंद असतं. हे पुण्यात जन्मून, पुण्यात शिकून मी विसरलो हे आईने रिक्षावाल्यालाही सांगितलं. मग गुरुवारी परत. हत्ती होता, पण दूर, आणि आमच्याकडे पाठ करून. लोकरीचा हत्ती हातात उंच धरून मी वीस मिनिटं उभा. एक पोरगी तिच्या आईला म्हणाली, "मम्मी, ते काका हत्तीला हत्ती दाखवतायत." शेवटी जो फोटो आला त्यात पुढे निळा हत्ती आणि मागे खऱ्या हत्तीचं बूड. तोच पाठवला.

पण फोटो म्हणजे पोचपावती नव्हे, चिरंजीव म्हणाले, डब्यात ठेवायला पाहिजे. वेबसाइट अंतर मोजते ते डबा ते डबा. आणि आपल्याकडे डबे मोजकेच. अ‍ॅपवर शहराबाहेरच्या एका टेकडीवर एक दिसत होता, म्हणून शनिवारी सकाळी सहाला, कानटोप्या घालून, बापलेक हजर.

सिअ‍ॅटलच्या रानात डबा शोधताना फार तर अस्वलाची भीती. तिथे या खेळात नसलेल्या माणसाला 'मगल' म्हणतात आणि त्याच्या नकळत शोधायचं असतं. पुण्याच्या टेकडीवर सकाळी सहाला नकळत काही करून दाखवा! मी एक दगड उचलून खाली बघितलं तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हरवलं?"

पाहिलं तर स्वेटर, मफलर, हातात काठी. खरं सांगायचं म्हणजे जीपीएस, अमेरिका, फिनलंड सगळं काढावं लागणार, म्हणून मी पटकन म्हणालो, "चष्मा, काका."

"अहो, तो डोळ्यांवर आहे तुमच्या."

"हा लांबचा. जवळचा हरवलाय."

काका थांबले. मग दुसरे आले, मग लाफ्टर क्लब सुटला तो सगळा आला. पाच मिनिटांत चौदा माणसं वाकून माझा चष्मा शोधत होती, त्यांचे कमरेचे त्रास मी रोज ऐकतो म्हटलं तरी चालेल असे एकेक. एक जण सूचना देत होते, तुम्ही खालचा पट्टा घ्या, आम्ही वरचा घेतो. एका काकूंनी फ्रेम कुठल्या रंगाची विचारलं, मी म्हणालो काळी, त्याच वेळी चिरंजीव म्हणाले, "ग्रीन, विथ अ लिड." यावर जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते.

मग सगळं सांगावं लागलं. हत्ती खिशातून काढून दाखवला. त्यांनी तो हातोहात फिरवला, बिल्ला वाचला. मी म्हणालो, असाच एक बिल्ला 2013 साली एका अंतराळवीराने शाळेच्या मुलांसाठी स्पेस स्टेशनवर नेला होता आणि मंगळावर जो पर्सिव्हरन्स रोव्हर 2021 मध्ये उतरला त्याच्यावरही असा एक कोड आहे. स्वेटरवाले काका म्हणाले, "म्हणजे मंगळावर ठेवता आलं, इथे ठेवता येत नाहीये." पुढे कुणी काही बोललं नाही, पण शोध मात्र आता दुप्पट जोराने सुरू झाला. अख्खी टेकडी उलथली. एका खोबणीत नुसतं हिरवं झाकण मिळालं. डबा गायब. बहुतेक कुणीतरी चांगला डबा दिसला म्हणून नेला असणार आणि त्यात आत्ता कुणाकडे तरी लसणीची चटणी असेल. दोष देववत नाही, चांगला डबा आमच्या आईनेही सोडला नसता.

"तिथे नेल्याची नुसती नोंद करू," मी हळूच म्हणालो.

"दॅट्स चीटिंग, बाबा."

घरी आल्यावर हत्ती आईच्या ताब्यात गेला. तिने पहिल्याच दिवशी त्याला देव्हाऱ्याच्या कडेला बसवलं होतं, बिल्ला म्हणजे ताईत असं समजून त्याला हळदीचं बोटही लावलेलं (फिनलंडच्या बाईंना हे मी कळवलेलं नाही). निघायच्या आदल्या रात्री तो कुठेच सापडेना. देव्हारा, पासपोर्टचा कप्पा, चिरंजीवांचे खिसे, कुठेच नाही. रात्री एक वाजता मी घरातली सहावी बॅग उपसत असताना आईने झोपेतून विचारलं, "काय हरवलं?"

"हत्ती."

"अरे, गोड्या मसाल्यात ठेवलाय. दबू नये म्हणून."

दीड किलो गोडा मसाला, तीन पिशव्यांत बांधलेला, आणि मधोमध रुतून बसलेला हत्ती. तसाच तो सिअ‍ॅटलला आला. एअरपोर्टवर कस्टम्सच्या माणसाने पिशवी उघडली, वास घेतला, हत्ती बाहेर काढला, बिल्ला वाचला, आणि विचारलं, "हाउ मेनी फाइंड्स?" तोही खेळणाऱ्यांतलाच निघाला. वरवंट्याच्या वेळी कुठे होतास बाबा?

जानेवारीत आम्ही हत्ती त्याच कुजक्या खोडाखाली परत ठेवला. जाऊन-येऊन 25,000 किलोमीटरच्या आसपास प्रवास, एक प्राणिसंग्रहालय दोनदा, एक लाफ्टर क्लब. चिरंजीवांनी नोंद केली. जिथून उचलला तिथेच ठेवला, मधे कुठला डबा नाही, त्यामुळे या फेरीचं अंतर वेबसाइटने लिहिलं, शून्य.

फिनलंडहून उत्तर आलं. फोटो तिने मुलाला पाठवला होता. तो आता मिलिटरी सर्व्हिसमध्ये आहे, फोटो बघून खूप हसला आणि त्याने तो बराकीत लावलाय. कुठला फोटो ते विचारायचं मी टाळलं, कारण आमच्याकडे एकच होता.

मागच्या महिन्यात कुणीतरी हत्ती उचलला आणि लिहिलं, 'याला कसला तरी भयंकर सुंदर वास येतोय, आमचा कुत्रा त्याला सोडत नाहीये, हे काय आहे कुणी सांगेल का?' मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती खूश झाली.

"त्यांचा पत्ता घेऊन ठेव," म्हणाली, "पुढच्या वेळी आलास की पाव किलो देते. काही वजन नाही त्याचं."