जिताड्याच्या मापाचा नव्हे, मुलाच्या मापाचा रॉड

कोकणातल्या खाड्यांवर गळाने मासे गरवायला जाणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक सल्ला मोबाइलवरून फिरतो आहे. मुलाला जिताडा किंवा तांबोशीसारखा मोठा शिकारी मासा धरायचा असेल, तर मोठ्यांचाच जाड, ताठ रॉड आणि ८००० नंबरचे रील (दोरा गुंडाळायचे यंत्र; नंबर जितका मोठा तितके ते मोठे) द्यावे, त्यात ८० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा) भरावी, मासा कांदळवनात शिरू नये म्हणून ड्रॅग (किती ओढीला दोरा सुटावा हे ठरवणारा रीलचा ब्रेक) पूर्ण आवळावा, ल्यूरला (नकली आमिषाला) तिहेरी गळच ठेवावेत आणि रॉड निसटू नये म्हणून तो मुलाच्या मनगटाला बांधावा, असे त्यात म्हटले आहे. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेल, परंतु हे वाचून आईवडील खरोखरच खरेदी करत आहेत, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा रॉडचा. मासा मोठा म्हणजे रॉड भक्कम हवा, हा विचार वरवर पटतो. पण रॉड ही तरफ आहे आणि त्या तरफेत फायदा माशाच्या बाजूला असतो, ही गोष्ट त्यात सुटते. मुलाचा मागचा हात रॉडच्या मुठीच्या टोकाशी, पुढचा हात तिथून ३० सेंटिमीटरवर आणि रॉडचे पुढचे टोक मागच्या हातापासून दीड मीटरवर असेल, तर माशाची २ किलोची ओढ पुढच्या हाताला सुमारे १० किलोची होऊन पोहोचते. रॉड वाकतो तेव्हा टोक हाताच्या जवळ येते आणि हा भार कमी होतो. ताठ रॉड फारसा वाकत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा भार मुलाच्या हातांवर राहतो. त्यात ८००० नंबरचे रील एकटेच ६०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जड असते, तर ३००० नंबरचे साधारण अडीचशे ग्रॅमचे. जिताडा लागण्याआधी शंभर वेळा ल्यूर फेकावा लागतो. त्या वजनाने मुलाचा खांदा मासा येण्याआधीच थकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला साडेसहा फुटांचा, मध्यम ताकदीचा, मधून वाकणारा रॉड आणि ३००० नंबरचे रील पुरते. मूठ इतकीच लांब असावी की रील फिरवताना ती काखेत किंवा जॅकेटमध्ये अडकणार नाही.

माझ्या दहा वर्षांच्या भाचीसाठी रॉड घेताना मी दोरा ताणकाट्याला बांधला, काटा अंगणातल्या माडाच्या बुंध्याला अडकवला आणि तिला रॉड वाकवून धरायला सांगितले. मोठ्यांच्या रॉडवर काटा दीड किलोपर्यंतही गेला नाही आणि तिची कोपरे थरथरू लागली. हलक्या रॉडवर २ किलोचा ताण तिने मिनिटभर धरला. कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीपेक्षा ही चाचणी अधिक खरे सांगते आणि ती घरच्या घरी करता येते.

दुसरा मुद्दा ड्रॅग आवळण्याचा. जिताडा कांदळवनाच्या मुळांकडे, खांबांकडे धाव घेतो, हे सल्ल्यातले निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण आवळलेल्या ड्रॅगने ती धाव थांबवायची तर ओढीचा पूर्ण जोर पेलणारे हात हवेत, आणि मुलाचे हात तसे नसतात. ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवावा, हा जुना नियम इथेही लागू पडतो: २० पौंडी दोरा म्हणजे सुमारे ९ किलो, म्हणून ड्रॅग सव्वादोन ते तीन किलो, आणि मुलासाठी त्याहूनही थोडा कमी. शिवाय दोरा सुटत जातो तसा स्पूलवरचा (रीलच्या रिळावरचा) दोऱ्याचा घेर लहान होतो आणि ड्रॅगला हात न लावताही ओढ वाढते. मुळांवरचा उपाय ड्रॅगमध्ये नसून जागेत आहे. मुलाला कांदळवनाच्या तोंडाशी उभे करू नये. ओहोटीला जिथे पाणी उघड्या वाळूवरून वाहते, अशा मोकळ्या काठावर न्यावे, म्हणजे मासा पन्नास मीटर पळाला तरी दोरा घासायला काही सापडत नाही.

८० पौंडी ब्रेड म्हणजे ३६ किलोला तुटणारा दोरा. तो तुटत नाही, हाच त्याचा दोष आहे. ल्यूर खडकात अडकला की मूल जिवाच्या आकांताने ओढते आणि तो सुटला तर सरळ चेहऱ्याकडे येतो. दोरा बोटाभोवती गुंडाळून ओढला तर कातडी कापली जाते. २० पौंडी ब्रेड आणि पुढे ४० पौंडी तंगुसाचा मीटरभर लीडर (ब्रेड आणि ल्यूर यांच्यामधला जाड दोरा) एवढे पुरे आहे. जिताड्याचे दात खरखरीत असतात, कापणारे नसतात, म्हणून तारेची गरज नाही. लीडर लागतो तो त्याच्या कल्ल्यांच्या धारदार झाकणांसाठी. त्याच कारणाने मासा जाळीत मोठ्या माणसानेच घ्यावा.

तिहेरी गळांबद्दल थोडक्यात सांगतो. उड्या मारणाऱ्या माशाच्या तोंडातले तीन टोकांचे दोन गळ मुलाच्या हाताजवळ येणे मला मान्य नाही. एकेरी गळ लावावेत, त्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून टाकावेत आणि डोळ्यांवर चष्मा असावा. मोठा जिताडा बहुधा मादी असतो, कारण हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. ती परत सोडायची तर एकेरी गळ लवकर निघतो.

या सल्ल्याच्या बाजूने एक गोष्ट मानतो: खेळण्यांच्या दुकानातला, प्लास्टिकच्या रीलचा रॉड जिताड्यासाठी देऊ नये. त्याचा ड्रॅग झटके देत सुटतो आणि दोरा तुटून गळ माशाच्या तोंडात राहतो.

राहिला मनगटाला रॉड बांधण्याचा मुद्दा, आणि इथे मला कोणतीही सवलत द्यावीशी वाटत नाही. ड्रॅग आवळलेला, दोरा न तुटणारा आणि रॉड मनगटाला बांधलेला असेल, तर शेवाळलेल्या धक्क्यावरून मुलाचा पाय घसरल्यावर ओढ सोडवण्याचा एकही मार्ग उरत नाही. मुलाच्या अंगावर बांधायचे ते फक्त लाइफ जॅकेट. भाचीला मी पहिल्याच दिवशी धक्क्यावर सांगितले होते, ‘झेपेनासे झाले तर रॉड पाण्यात सोडून दे, मामा रागावणार नाही.’ आणि ती खरेच सोडते का, हे पाहण्यासाठी तिच्याकडून ते दोनदा करवूनही घेतले.