ती ‘प्लास्टिकची पट्टी’ नाहीये!

होल्डर हरवला म्हणे. दुरुस्तीला पाठवलेला निगेटिव्ह स्कॅन करायचा स्कॅनर काल कुरियरने जळगावला परत आला. खोकं उघडलं तर मशीन आहे, केबल आहे, १२० नावाच्या रुंद फिल्मचा होल्डर गायब. फोन लावला तर दुरुस्तीवाला म्हणतो, “काका, ती प्लास्टिकची पट्टी ना? असेल इथेच कुठेतरी. एवढं काय त्यात?”

एवढं काय त्यात? अरे, निकॉनच्या या कूलस्कॅन ९००० मध्ये होल्डरशिवाय निगेटिव्ह आत जातच नाही! तुझ्या त्या पट्टीचं नाव एफएच-८६९एस. निगेटिव्हच्या दोन्ही कडा त्यात चिमटायच्या, हलक्या हाताने ताण द्यायचा, तेव्हा कुठे फिल्म सपाट बसते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, हवा कोरडी ठणठणीत. निगेटिव्ह कौलासारखी वाकते. ताण नसला की मधला चेहरा शार्प आणि कडेचे वऱ्हाडी धूसर. कंपनीने मशीनच बंद केलंय, नवा होल्डर मिळणार कुठून? परदेशात कुणी जुना विकायला काढला तर तो सांगेल ती किंमत, वर कस्टम ड्युटी.

आणि ज्यासाठी पाठवला होता ते काम? आतल्या आरशावर धुळीचा थर बसला होता. नवरदेवाच्या कोटाचा काळेपणा शेजारच्या पांढऱ्या फेट्यात पाझरत होता. या आरशाचा मुलामा वरच्याच बाजूला असतो, फडक्याने घासला की ओरखडे पडतात. याने घासलाच. वर एका कोपऱ्यात बोटाचा ठसाही सोडलाय!

मुळात या कंपन्यांनीच आम्हाला वाऱ्यावर सोडलं. असेच स्कॅनर बनवणाऱ्या कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये फोटोचा धंदाच गुंडाळला. माझ्या मशीनचं सॉफ्टवेअर, निकॉन स्कॅन, ६४ बिट विंडोजसाठी कधी आलंच नाही. व्ह्यूस्कॅन हे दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर नसतं तर मशीन केव्हाच भंगारात गेलं असतं. मशीन जोडायला लागतं ते फायरवायर पोर्ट कुठल्या नव्या लॅपटॉपला आहे? म्हणून एक जुना कॉम्प्युटर जिवंत ठेवायचा, त्याचा पंखा, त्याची हार्डडिस्क, सगळं सांभाळत बसायचं.

डिजिटल आइसचं, म्हणजे इन्फ्रारेडने धूळ ओळखून आपोआप पुसणाऱ्या सोयीचं, कौतुक तर मला सांगूच नका. रंगीत फिल्मला ठीक. ब्लॅक अँड व्हाइटमधली चांदी इन्फ्रारेड अडवते, मग त्याला अख्खा फोटोच धूळ वाटतो. वडिलांनी याशिका कॅमेऱ्यावर काढलेली लग्नं सगळी ब्लॅक अँड व्हाइट. एकेक ठिपका हाताने काढावा लागतो.

त्यात हे शहाणे: “मोबाईलने फोटो काढून उलटा करा ना!” पारोळ्याची एक ताई वडिलांचा फोटो मागायला आली होती. घरात त्यांचा एकही फोटो नाही, फक्त एका वरातीच्या निगेटिव्हमध्ये मागच्या रांगेत नखाएवढा चेहरा आहे. तो मोबाईलने काढू? फिल्मचा जमाना संपला म्हणता, पण तिचे वडील अजून फिल्मवरच आहेत ना!

धुळे-नंदुरबारकडच्या ओळखीच्या स्टुडिओवाल्यांनी तर निगेटिव्हची पोतीच्या पोती चांदी काढणाऱ्यांना किलोवर विकली. स्वतःच्या हाताने धुतलेल्या फिल्म! आणि आता त्यांचीच गिऱ्हाइकं माझ्याकडे पाठवतात, “जळगावच्या भाऊकडे बघा, त्यांच्याकडे असेल.”

कुठून असेल? तुम्ही विकलीत!