वायच वाढव त्येका!

आमच्या मालवणात एक सेवाभावी क्लब आहे आणि मी त्याचा चिटणीस. ज्या सभेत निवडणूक झाली त्या सभेला मी नव्हतो, म्हणून झालो. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सहाची सभा सव्वासातला सुरू होते. तोवर बटाटेवडे गार होऊ नयेत म्हणून ते आधीच उरकले जातात. मार्चच्या सभेचा विषय होता, ‘शहरातील रस्ते सुरक्षित कसे करावेत?’

भरडावरून बाजारपेठेत ज्यांनी एकदा तरी गाडी घातली आहे त्यांना जास्त सांगायला नको. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला कुणाच्या तरी दुकानात शिरावं लागतं. त्यात सुट्ट्या लागल्या की किल्ला बघायला आलेल्या पडवीएवढ्या गाड्या. मोबाइलमधली बाई ‘उजवीकडे वळा’ म्हणते आणि उजवीकडे कुणाच्या तरी घराची पायरी असते. पायरीवर आजोबा बसलेले असतात. ते उठत नाहीत. का म्हणून उठावं?

सभा सुरू झाली ती गाऱ्हाण्याच्या चालीवर. वकीलसाहेब उभे राहिले. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 129, हेल्मेट घातलंच पाहिजे! व्हय म्हाराजा! (वकीलसाहेबांचं हेल्मेट मी मासळी बाजारात पाहिलंय. त्यात पेडवे होते.) डॉक्टर म्हणाले, अपघातात सापडलेल्याला उचलून आणायला लोक घाबरतात, पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून. पण 2019 च्या दुरुस्तीत कलम 134 अ आलं आहे, मदत करणाऱ्याला कुणी अडकवू शकत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. ही एकच गोष्ट त्या संध्याकाळी मला नवी कळली आणि नेमकी तेव्हाच चटणीची वाटी फिरत होती. निवृत्त मास्तरांनी फळ्यावर लिहून दाखवलं, की वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर गाडी चौपट अंतर घसरत जाते. त्यावर खजिनदारांनी विचारलं, उतारावर किती? मास्तर पंचवीस मिनिटं बोलले.

मग अध्यक्षांनी मूळ दुखणं काढलं. तारकर्लीकडे जाणाऱ्या वायरी गावच्या रस्त्यावर एक स्पीडब्रेकर आहे. तो कुणी घातला, कधी घातला, कुणालाच ठाऊक नाही. एका सकाळी तो होता, एवढंच. अध्यक्षांच्या गाडीचा सायलेन्सर त्याच्यावर राहिला आणि अध्यक्ष पुढे गेले. तेव्हापासून रस्ता सुरक्षा हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे.

“ब्रेकरलाही नियम असतो,” मास्तर म्हणाले. “इंडियन रोड्स काँग्रेसनं माप ठरवून दिलंय.”

“मास्तर, क्लबात राजकारण नको!” खजिनदार उसळले.

ही काँग्रेस 1934 पासूनची इंजिनिअरांची आहे, ती रस्त्यांची मापं ठरवते, निवडणूक लढवत नाही, हे त्यांच्या गळी उतरवण्यात दहा मिनिटं गेली. पुरतं उतरलं असं अजून वाटत नाही. माप असं, की ब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि मध्यावर 10 सेंटिमीटर उंच, गोलसर हवा. म्हणजे ताशी 25 किलोमीटरनं आलेली गाडी त्याच्यावरून होडीसारखी अलगद वर जाते आणि खाली येते. आमचा ब्रेकर मोजून, मापासकट अर्ज करायचा असं ठरलं. मोजणार कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

रविवारी सकाळी साडेसहाला मी गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून आणली. पाणी भरलेली ती लांब पारदर्शक नळी घेऊन भर रस्त्यात ओणवं व्हायचं, एक टोक ब्रेकरच्या माथ्याशी, दुसरं सपाट डांबरावर धरलेल्या फूटपट्टीशी. दोन टोकं, माणूस एक. शेवटी एक टोक दगडाखाली दाबलं, तर वरून टेम्पो गेला आणि निम्मं पाणी माझ्या लेंग्यावर आलं. जाणारे-येणारे थांबून विचारत होते, पाइपलाइन येतेय काय? एकानं आपला अर्ज कधीपासून पडून आहे तेही सांगून घेतलं. तिसऱ्या खेपेला आकडा आला: उंची 18 सेंटिमीटर. रुंदी जेमतेम हातभर. हा ब्रेकर नव्हताच, गडगा होता.

“काय मापतस रे झिला?”

ब्रेकरपासून चार पावलांवर गोणपाटावर एक आजी बसली होती. पुढ्यात ओले काजूगर, पळसाच्या पानांवर नीट वाटे लावलेले. बोटांची टोकं चिकानं काळी पडलेली.

“ब्रेकर, आजी. लय उंच आसा काय ता बघतंय.”

“उंच? खंय उंच? वायच वाढव त्येका!”

मी फूटपट्टी खाली ठेवली.

“अरे, ह्यो नाय होतो तेव्हा गाडये भुर्रकन तारकर्लेक जायत. माझ्याकडे कोण बघी? आता आदळतत, थांबतत, काच खाली होता आणि भितरसून बाई इचारता, मावशी, काजू कसे दिले?”

तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी आली. ‘खर्रर्र’ असा आवाज झाला, गाडी थांबली, ड्रायव्हर उतरून खाली वाकून बघू लागला आणि मागची काच खाली झाली. आजीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. गाडी दोन शेकडे घेऊन गेली. मीही एक शेकडा घेतला, घासाघीस न करता. लेंगा ओला असताना भाव करता येत नाही.

एप्रिलच्या सभेत मी अहवाल वाचला. 18 सेंटिमीटर ऐकून अध्यक्षांनी डोळे मिटले. आजीचं म्हणणंही मी वाचलं, चिटणिसानं दोन्ही बाजू मांडाव्यात म्हणून. सभा गप्प झाली. एवढी शांतता आमच्याकडे श्रद्धांजलीलाही नसते.

खजिनदारांनी घसा खाकरला. “शेकडा कसा देते?”

मी सांगितलं.

“बाजारापेक्षा स्वस्त पडतो,” डॉक्टर म्हणाले.

अर्जाचा विषय पुढच्या सभेवर गेला. त्याआधी ब्रेकरची प्रत्यक्ष पाहणी व्हावी, असं अध्यक्षांनीच सुचवलं. नऊच्या नऊ सभासदांची उपसमिती एकमतानं नेमली गेली. इतिवृत्तात मी लिहिलं: ‘रविवार, सकाळी सात. सर्वांनी वेळेवर यावे. पिशवी आणावी.’